‘संबंध चांगले आहेत हो, भांडण नाही काही’ : कॅन्सर ओपीडीत नवीन आलेल्यांसाठी

नवे पीजी (पुढचं शिक्षण घेणारे डॉक्टर), नर्सिंगच्या मुली, समुपदेशनाचा कोर्स संपवून थेट कॅन्सर ओपीडीत येऊन पडलेले, अशा सगळ्यांसाठी हे लिहितेय. पुण्यात कॅन्सरच्या वॉर्डात आणि ओपीडीत सिस्टर म्हणून बरीच वर्षं गेली माझी, आता नव्या बॅचला शिकवते, आणि दर बॅचमधे कोणीतरी तास संपल्यावर हळूच येऊन विचारतं, मॅडम, पेशंटला ‘त्या’ विषयाचं विचारायचं कसं? आधी ‘त्या’ म्हणणं बंद करा, शारीरिक संबंधांचा, लैंगिक आरोग्याचा विषय आहे हा, तिथूनच सुरुवात आहे.

माझी चूक आधी सांगते. अगदी सुरुवातीला, इंदापूरकडची एक बाई, गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, बाहेरची लाईट आणि आतली लाईट दोन्ही पूर्ण झालेल्या. (लाईट म्हणजे रेडिएशन, पेशंट लाईट किंवा शेक म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा.) मी फॉर्म भरत होते, विचारलं, मिस्टरांशी संबंध कसे आहेत? ती म्हणाली, चांगले आहेत हो, भांडण नाही काही. मी टिक केलं आणि पुढचा नंबर घेतला. काही महिन्यांनी ती तपासणीला आली तर स्पेक्युलम (आतून तपासायचं साधन) आत जाईना, योनीमार्ग आकसून चिकटलेला, आणि घरी काय चाललंय ते तेव्हा कळलं, नवरा जवळ आला की ती कळवळायची आणि त्याला वाटायचं बायको टाळतेय. डायलेटर नावाची गोष्ट असते (योनीमार्ग आकसू नये म्हणून आत घालायची गुळगुळीत कांडी) हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. कोणी म्हणजे मीच.

तर आधी जागा बघा.

ओपीडी कशी असते माहितीय. एका टेबलाला दोन डॉक्टर, पेशंटच्या मागे मुलगा, मुलाच्या मागे पुढचा पेशंट फाईल पुढे करून उभा, आणि पडदा असला तरी पडद्याच्या पलीकडे अख्खं गाव बसलेलं. तिथे हा विषय काढूच नका. केमोच्या हॉलमधे पण नको, खुर्च्या चिकटून असतात आणि सलाईन चालू असताना पेशंट उठूनही जाऊ शकत नाही. ड्रेसिंग रूम चांगली, तपासणीची खोली चांगली (पण तपासून झाल्यावर, कपडे नीट करून, बसल्यावर, झोपवून ठेवून नाही). सोबत आलेल्याला बाहेर कसं काढायचं हा खरा प्रश्न असतो, कारण सासू हलत नाही. एकाच पेशंटच्या सोबतच्याला बाहेर पाठवलं की संशय येतो, म्हणून सगळ्यांनाच पाठवायची सवय लावा, ‘आमच्याकडे प्रत्येक पेशंटशी पाच मिनिटं एकट्याने बोलतो’ असं सरळ सांगा. नाहीतर फुले योजनेच्या काउंटरवर एखादी झेरॉक्स द्यायची असतेच, ती त्या वेळेला आठवावी. आणि नवरा बसू दे असं पेशंटने स्वतः सांगितलं तर जरूर बसू दे, पण ते आधी तिला एकटीला विचारून.

सोलापूरकडून येणाऱ्या काही पेशंटना मराठी नीट येत नाही, तेलुगू किंवा कन्नड बोलतात, सोबत कॉलेजातली नात असते आणि ती सगळं भाषांतर करते. हे मात्र तिच्याकडून नको. स्टाफमधे कोणालातरी ती भाषा येत असते, शोधा.

दुसरं, हाक. हे कुठल्याच पुस्तकात नसतं. आपल्याकडे पेशंटला नात्याने हाक मारायची पद्धत आहे आणि ती चांगलीच आहे, पण पंचावन्न वर्षांच्या बाईला ‘आजी’ म्हटलं की तुम्ही तिचे नातू झालात, आता नातवाने आजीला विचारावं का शारीरिक संबंधांचं? विचारता येत नाही, आणि तिला सांगता येत नाही. पेशंट ५० चा असो की ७० चा, या गप्पांपुरतं ताई, किंवा आडनावाला बाई लावून, पुरुषांना दादा किंवा साहेब किंवा आडनाव आणि राव. काका चालतं कधीकधी, बाबा नको. आणि वय बघून विषय गाळू नका, सत्तरीतल्या एका गृहस्थांनी मला स्वच्छ सांगितलंय की सिस्टर, तुम्ही सगळं विचारता, संडास झाली का विचारता, हे एकच का नाही विचारत.

आता शब्द, इथे सगळ्यात जास्त घोळ होतात म्हणून जरा थांबते.

‘संबंध’चा घोळ वर सांगितलाच. ‘शारीरिक संबंध’ म्हणा, पूर्ण, दोन्ही शब्द. ‘पिशवी’ म्हणजे गर्भाशय, पिशवी म्हणजे लघवीची बॅग, आणि पिशवी म्हणजे स्टोमाची (ऑपरेशनने पोटावर काढलेल्या संडास-लघवीच्या वाटेची) पण, त्यामुळे ‘पिशवी आहे ना अजून’ असं विचारल्यावर काय उत्तर येईल देव जाणे. ‘कमजोरी’ केमोनंतर सगळ्यांनाच असते, पण पुरुष मान खाली घालून कमजोरी म्हणाला तर हिमोग्लोबिन बघायला धावू नका, आधी विचारा कसली कमजोरी, चालताना की जवळ येताना. ‘खाली त्रास आहे’ हे लघवीचं, मूळव्याधीचं, योनीमार्गाचं, कशाचंही असू शकतं, कागदावर चित्र काढा आणि पेन तिच्या हातात द्या. योनीमार्ग हा शब्द बऱ्याच बायकांना पुस्तकी वाटतो, ‘लघवीची नाही, पाळीची जागा’ म्हटलं की लगेच कळतं. पुरुषांना ‘ताठरता’ म्हणाल तर ते तुमच्याकडे बघत बसतील, ‘कडकपणा येतो का पूर्वीसारखा’ विचारा. मराठीत या गोष्टींना शब्दच नाहीत असं माझ्यापुढे म्हणू नका, र. धों. कर्व्यांनी १९२७ मधे या विषयावर मराठीत मासिक काढलं आणि त्यापायी कोर्टात खेपा घातल्या. शब्द आहेत, आपलीच जीभ अडते. घरी आरशासमोर पाच वेळा मोठ्याने म्हणा, हसू येईल, येऊ दे, पेशंटसमोर येण्यापेक्षा बरं.

मग पहिलं वाक्य. ते तुम्हीच बोलायचं असतं, पेशंट काढेल तेव्हा बघू असं नाही. अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीने २०१८ मधे यावर गाइडलाइन काढली, त्यातली पहिलीच शिफारस ही की टीममधल्या कोणीतरी स्वतःहून हा विषय सुरू करावा. कोणीतरी, म्हणजे मोठे सरच असं नाही. पण डॉक्टरला वाटतं सिस्टर बोलली असेल, सिस्टरला वाटतं समुपदेशक बोलेल, समुपदेशकाला वाटतं हे मेडिकल आहे, आणि पेशंटला वाटतं जीव वाचवतायत तिथे हे काय विचारायचं, शोभतं का.

मी साधारण असं बोलते: ‘या उपचारानंतर बऱ्याच जणींना शारीरिक संबंधाच्या वेळी दुखतं, कोरडं पडतं, काहींना इच्छाच होत नाही. तुम्हाला असं काही जाणवतंय का? आत्ता बोलायचं नसेल तरी चालेल, पुढच्या वेळी बोलू.’ बऱ्याच जणींना होतं म्हटल्यावर ती एकटी राहत नाही, आणि नंतर बोललं तरी चालेल म्हटल्यावर तिच्यावर जबरदस्ती राहत नाही. एक वाक्य मात्र कधीच नको, ‘तसा काही त्रास नाही ना?’ मराठी माणूस ‘नाही ना’ला ‘नाही’च म्हणतो, तुम्हाला सुटका पाहिजे हे त्याला कळतं आणि तो बिचारा तुमची सुटका करतो. आणि बोलून झालं की गप्प बसा. फाईल चाळू नका. मनात दहा आकडे मोजा, ती पदराशी खेळेल, खिडकीबाहेर बघेल, मोजत राहा.

लग्न झालंय असं धरून चालू नका. विधवा असेल, सोडलेली असेल, पुरुषाचा जोडीदार पुरुष असेल, तृतीयपंथी पेशंट असेल, हॉस्टेलवरची मुलगी असेल. ‘सध्या कोणी जोडीदार आहे का’ एवढं पुरतं, आणि उत्तर ऐकून भुवई हलली तर संपलं.

अमेरिकेत जॅक अ‍ॅनन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७६ मधे एक पद्धत मांडली, प्लिसिट म्हणतात तिला, परीक्षेलाही विचारतात. तिचं सार घरगुती भाषेत सांगते: आधी बोलायला परवानगी द्या, मग थोडी माहिती द्या, मग त्या पेशंटपुरता नेमका सल्ला, आणि त्यापुढे गेलं तर तज्ज्ञांकडे पाठवा. जितकं वर चढाल तितके पेशंट कमी होत जातात. नव्या माणसाने पहिल्या दोन पायऱ्या नीट केल्या तरी ओपीडीतलं बरंचसं काम होतं, म्हणून मला काही येत नाही मी कसं विचारू असं घाबरू नका, ‘हे मला डॉक्टरांना विचारावं लागेल, विचारून सांगते’ हेही उत्तरच आहे, फक्त नंतर खरंच सांगा.

माहिती काय द्यायची? सगळ्यात आधी जे कोणी विचारत नाही पण सगळ्यांच्या मनात असतं ते: कॅन्सर संबंधातून लागत नाही. एकत्र जेवून, एका अंथरुणात झोपून, मिठी मारून लागत नाही. कितीतरी घरांत केमो सुरू झाली की बाईचं अंथरूण वेगळं होतं, ताट वेगळं होतं, आणि ते सासूने केलेलं असतं, काळजीपोटीच. बाहेरून लाईट घेतल्याने अंगात किरणं राहत नाहीत, आतल्या लाईटमधे यंत्रातला स्रोत काम झाल्यावर बाहेर काढून घेतात, तेव्हाही नाही. थायरॉइडला रेडिओआयोडीन (किरणं सोडणारं औषध) देतात तेव्हा मात्र खरंच काही दिवस अंतर ठेवायचं असतं, ते किती दिवस ते न्यूक्लिअर मेडिसिनवाले लिहून देतात. आणि एचपीव्हीचा प्रश्न अवघड आहे. गर्भाशयमुखाचा कॅन्सर बहुतेक वेळा त्या विषाणूमुळे होतो, तो संबंधातून येतो, हे नवऱ्याने मोबाईलवर वाचलं की घरात भडका. तेव्हा सांगायचं की हा विषाणू अतिशय कॉमन आहे, बहुतेकांच्या अंगातून आपोआप जातो, लागण झाल्यापासून कॅन्सर व्हायला सहसा १५-२० वर्षं जातात, त्यामुळे आज कोणी कोणावर संशय घ्यायला ही तपासणी उपयोगाची नाही. हे शांतपणे, दोघांना समोर बसवून, आणि दोघांची तयारी असेल तरच.

केमो चालू असताना: औषधाचा अंश काही दिवस शरीरातल्या स्रावांतून बाहेर पडतो म्हणून कंडोम वापरा, आणि गर्भ राहणं टाळायलाच हवं, पाळी बंद झाली तरी. प्लेटलेट ५०,००० च्या खाली किंवा पांढऱ्या पेशी फार कमी असतील तर आत जाणारा संबंध थांबवा, रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाची भीती असते. जवळ झोपायला हरकत नाही. हे ‘हरकत नाही’ स्वतंत्रपणे सांगा, कारण पेशंट ‘संबंध नको’ ऐकतो आणि हात धरणंही बंद करतो.

गर्भाशयमुखाच्या लाईटनंतर डायलेटर. लाईट संपल्यावर साधारण २ ते ८ आठवड्यांत, जळजळ शमल्यावर, डॉक्टरांनी तपासून सांगितलं की सुरू, आठवड्यातून दोन-तीन वेळा, पाच-दहा मिनिटं, जेल लावून, लहान आकारापासून. थोडं रक्ताचं बोट लागलं तर चालतं, भळभळ गेलं तर लगेच यायचं. साठीची विधवा म्हणते, मला काय करायचंय आता. तेव्हा कारण नीट सांगा, मार्ग उघडा राहिला तरच पुढची तपासणी होते आणि आजार परत आला तर वेळेत दिसतो. हे कारण सासूलाही सांगता येतं. सेट ऑनलाइन मिळतात, पण पार्सल कोण उघडणार हे आधी विचारा, एका बाईच्या मुलाने ते सगळ्यांसमोर हॉलमधे उघडलं होतं. आम्ही तेव्हापासून डिलिव्हरी पत्ता हा पण प्रश्न यादीत घेतलाय. मोठं ऑपरेशन झालं असेल, पिशवी (गर्भाशय!) काढली असेल तर साधारण ६ ते ८ आठवडे, टाके तपासेपर्यंत संबंध नाही.

स्तनाच्या कॅन्सरला लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोलवर असलेल्या बायकांना कोरडेपणा भयंकर होतो, आणि त्या गोळ्या अनेक वर्षं चालतात. मॉइश्चरायझर आणि ल्युब्रिकंट वेगळे हे समजावून सांगा, पहिलं आठवड्यातून दोन-तीन वेळा नियमित, दुसरं त्या वेळेपुरतं. खोबरेल बऱ्याच जणी वापरतात, ठीक आहे, पण खोबरेल किंवा व्हॅसलीन आणि निरोध एकत्र नको, तेलाने लॅटेक्स फाटतं, तिथे पाण्यावर आधारित जेल. मेडिकलवाला न विचारता इस्ट्रोजेनचं क्रीम देतो, ते ऑन्कॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय अजिबात नको. टॅमॉक्सिफेनवर (हीसुद्धा स्तनाच्या कॅन्सरचीच गोळी) पाळी थांबली तरी दिवस राहू शकतात, हॉर्मोनच्या गोळ्या चालत नाहीत, कॉपर-टी किंवा कंडोम. आणि ऑपरेशनची जागा, ती बाई कित्येक महिने दिवा बंद करूनच ब्लाउज बदलते, नवऱ्याने ती जागा पाहिलेलीच नसते. तिची तयारी असेल तर ड्रेसिंगच्या वेळी नवऱ्याला बोलवा, तुमच्या उपस्थितीत पहिल्यांदा बघणं सोपं जातं दोघांनाही.

प्रोस्टेटमधे ऑपरेशननंतर कडकपणा लगेच जातो आणि परत यायला, आला तर, वर्ष-दोन वर्षंसुद्धा लागतात, लाईटनंतर उलट, हळूहळू जातो. वीर्य येणार नाही पण समाधान होऊ शकतं, हे आधीच सांगा, नाहीतर माणूस हादरतो. हॉर्मोनच्या इंजेक्शनने इच्छाच जाते आणि बायकोला वाटतं याचं मन उडालं, म्हणून तिच्यासमोरही सांगा. सिल्डेनाफिलबद्दल (कडकपणा येण्याची गोळी, व्हायग्रा म्हणतात ती) एक गोष्ट मात्र पाठ करून ठेवा: पेशंट सॉर्बिट्रेट किंवा कुठलंही नायट्रेट (हृदयविकारात छातीत दुखण्यावरचं औषध) घेत असेल तर ती गोळी जीवावर बेतते, आणि पुरुष ही गोळी गुपचूप आणतात, म्हणून ‘कोणी काही गोळी, चूर्ण दिलंय का’ हे विचाराच. एसटी स्टँडच्या मुतारीत भिंतीवर गुप्तरोगवाल्यांचे नंबर असतात, आपण बोललो नाही तर ते बोलतात.

तोंडाचा कॅन्सर आपल्याकडे केवढा, तंबाखू, गुटखा, मिश्री, आणि त्यात लैंगिक आरोग्य कसलं असं सगळ्यांना वाटतं. लाळ गळते, वास येतो, तोंड उघडत नाही, नाकात नळी, गालाला छातीचं कातडं लावलेलं. बायको जवळ येत नाही, किंवा तोच येऊ देत नाही. मीठ-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या, स्वच्छ उशी, तोंड दुसरीकडे करून पाठीला पाठ न लावता कुशीत झोपणं, इतक्या साध्या गोष्टी असतात. स्टोमावाल्यांना: आधी पिशवी रिकामी करा, वर कपड्याचं कव्हर घाला किंवा पोटाला पट्टा बांधा. गुदद्वाराच्या ऑपरेशनमधे नसांना धक्का लागून कडकपणा जाऊ शकतो, ते ऑपरेशनच्या आधी सांगायचं असतं.

आधी सांगायचं असतं असं अजून एक, मुलं होण्याचं. वृषणाचा कॅन्सर, लिम्फोमा, विशीतला पोरगा, बाप शेजारी. पहिल्या केमोच्या आधी वीर्य साठवून ठेवता येतं, मुलींमधे बीजांडांसाठी साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून केमोची तारीख ठरायच्या आधीच विषय निघाला पाहिजे. २०२१ च्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या बँकेतच पाठवा. बापाला बाहेर पाठवा, पोराला विचारा, मग त्याला हवं असेल तर बापाला आत घ्या.

एका गोष्टीवर माझं मत जरा कडक आहे. आपण ‘पूर्ववत संबंध सुरू करा’ फार उत्साहाने सांगतो. काही बायकांना कॅन्सरने पहिल्यांदाच नाही म्हणायला कारण दिलेलं असतं. नवरा जबरदस्ती करत असेल, दारू पिऊन येत असेल, तर तिला ल्युब्रिकंट देऊन काय उपयोग? म्हणून ‘तुम्हाला हवं असतं का?’ हा प्रश्न एकटीला विचारा. नको असेल तर प्रिस्क्रिप्शनवर ‘पुढील तपासणीपर्यंत शारीरिक संबंध वर्ज्य’ असं डॉक्टरांकडून मराठीत लिहून घ्या, सहीशिक्क्यासकट. डॉक्टरांच्या शिक्क्याला घरात मान असतो, तिच्या ‘नको’ला नसतो, काय करणार. आणि मारहाण असेल तर समाजसेवा विभागाला त्याच दिवशी कळवा.

पुढे कोणाकडे पाठवायचं त्याची यादी टेबलाच्या काचेखाली ठेवा: स्त्रीरोग, युरॉलॉजी, पेल्व्हिक फ्लोअरचं (ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं) फिजिओ, मानसोपचार. आजार बरा होण्यापलीकडे गेलेल्यांसाठी वारज्यात सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून मोफत काम करतंय. शेवटच्या महिन्यांतली जोडपीही एका पलंगावर झोपायला मागतात, हॉस्पिटलचा लोखंडी पलंग आणून हॉलमधे टाकला की आपण ते तोडतो, तेव्हा घरी पलंग कुठे टाकायचा हेही बोलून घ्या.

सगळ्यात शेवटी नोंद. आपल्याकडे फाईल पेशंटच्या हातात असते, म्हणजे पुतण्याच्या हातात असते, आणि त्यातली पानं फोटो काढून फॅमिली ग्रुपवर जातात. त्यामुळे फाईलवर ‘नवऱ्याशी संबंध नाहीत, पेशंट नाराज’ असलं काही लिहू नका. आम्ही फक्त ‘ल. आ. चर्चा झाली’ (ल. आ. म्हणजे लैंगिक आरोग्य) आणि तारीख लिहितो, बाकीचं डिपार्टमेंटच्या रजिस्टरला. विषय काढला पण पेशंट बोलली नाही तर ‘ल. आ.’पुढे एक रिकामा चौकोन. पुढच्या वेळी जी कोणी ड्युटीवर असेल तिने तो चौकोन बघून परत विचारायचं. इंदापूरच्या त्या बाईने तिसऱ्या खेपेला, दारात चप्पल घालता घालता मागे वळून बोलायला सुरुवात केली होती, मी पर्स खांद्याला लावलेली, शिफ्ट संपलेली. पर्स खाली ठेवली आणि तिला म्हटलं, चप्पल राहू दे, बसा.